ख्रिस्ती धर्मसिद्धान्त: वाचायला कुठून घ्यावं?

नमस्कार मंडळी, मी जालन्याचा. चर्चमधल्या तरुण पोरांसाठी रविवारचा अभ्यासवर्ग घेतोय. विषय त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), देहधारण (देवाचा पुत्र येशू माणूस झाला) आणि तारण (पापातून सुटका). इ.स. 325 मध्ये निकियाच्या चर्च परिषदेनं 'पुत्र हा निर्माण केलेला' हे एरियसचं मत फेटाळून पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा मानला, 451 मध्ये कॅल्सेडनच्या परिषदेत ख्रिस्त म्हणजे 'एक व्यक्ती, दोन स्वभाव' (देवाचा आणि माणसाचा) असं ठरलं, इथवर सांगता येतं. पण पोरं विचारतात, मग वधस्तंभावर देव मेला की माणूस? (लय चिवट आहेत!) दोन स्वभाव वेगळे करून उत्तर दिलं तर नेस्टोरियसच्या वाटेला जातो (ख्रिस्ताच्या जणू दोन व्यक्ती केल्याचा ठपका त्याच्यावर होता). हे सोप्या मराठीत कसं मांडाल? आधी अथानासियस (एरियसविरुद्ध लिहिणारा जुना बिशप) वाचू की थेट बायबलमधलं रोमकरांस पत्र घेऊ? इंग्रजी पुस्तकं वर्गात चालत नाहीत. जालना-संभाजीनगरकडे शिकवणारं कुणी असेल तर तेही कळवा.