पाण्याचा अहवाल ‘पिण्यास योग्य’, तरीही सोसायटीत तिघांना कावीळ

माजघर (प्रश्न)

नमस्कार. आमची ८४ सदनिकांची सोसायटी शहराच्या हद्दीत काही वर्षांपूर्वी समाविष्ट झालेल्या एका गावात आहे. नळाला एक दिवसाआड दीड तास पाणी येते, ते जमिनीखालच्या टाकीत साठते आणि तेथून प्रत्येक विंगच्या गच्चीवरील टाकीत चढवले जाते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हा दोन दिवस पाणी गढूळ होते आणि त्याला गटाराचा वास येत होता. तिसऱ्या दिवशी ते निवळले आणि सगळे विसरूनही गेले.

आता जुलैच्या अखेरीस दोन वेगवेगळ्या विंगमधील तिघांना कावीळ झाली आहे. समितीने लगेच एका खाजगी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेतले आणि ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल सूचनाफलकावर लावला. कावीळ बाहेरच्या खाण्यामुळे झाली असावी, असे समितीचे म्हणणे आहे. माझ्या जाऊबाईंना सातवा महिना सुरू आहे, त्यामुळे मला स्वस्थ बसवत नाही. अहवालावर विश्वास ठेवावा का, आणि नसेल तर चूक कोठे शोधावी?

कडुनिंब (प्रतिसाद)

मी ग्रामीण आरोग्य सेवेतून निवृत्त झालेला डॉक्टर आहे. सर्वांत आधी आपल्या जाऊबाईंविषयी लिहितो. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचे आपल्याकडे मुख्यतः दोन विषाणू आहेत, हेपॅटायटिस ए आणि हेपॅटायटिस ई. लहान मुलांत बहुधा ए आढळतो. प्रौढांत, विशेषतः साथ असेल तर, ई चा संशय आधी घ्यावा. एरवी हा आजार विश्रांतीने बरा होतो, परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याची नोंद आहे. त्यामुळे आजपासून त्यांच्या पिण्याचे, दात घासण्याचे आणि भाज्या-फळे धुण्याचे सर्व पाणी खळखळून उकळलेले असावे. उकळी फुटल्यानंतर एक मिनिट पुरते, मात्र ते पाणी पुन्हा हात बुडवून काढू नये, ओगराळे वापरावे. भूक मंदावणे, मळमळ, गडद लघवी यांपैकी काहीही दिसले तर डोळे पिवळे होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिन्ही रुग्णांच्या रक्ताची हेपॅटायटिस ए आणि ई साठी आयजीएम तपासणी (नुकताच झालेला संसर्ग दाखवणारी) करून घ्या आणि जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राला लेखी कळवा.

आता अहवालाबद्दल. हेपॅटायटिस ई चा विषाणू शरीरात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. जूनच्या मध्यावर गढूळ पाणी आणि जुलैच्या अखेरीस कावीळ, हे अंतर त्यात अगदी नेमके बसते. म्हणजे आपल्या समितीने तपासले ते जुलैचे पाणी, रुग्णांच्या पोटात गेले ते जूनचे. आजचा अहवाल खरा असेलही, पण त्याने त्या दोन दिवसांबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

या संदर्भात दिल्लीची १९५५-५६ सालची साथ आठवते. यमुनेला पूर आला, प्रवाहाने पात्र बदलले आणि नजफगड नाल्याचे मैलापाणी वझिराबाद येथे पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. हे लक्षात येताच क्लोरिनची मात्रा वाढवली गेली. त्यामुळे टायफॉइड आणि आमांश वाढले नाहीत आणि संकट टळल्यासारखे वाटले. पुढे डिसेंबर-जानेवारीत मात्र काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. जिवाणू मरतील एवढे क्लोरिन या विषाणूला पुरले नव्हते. त्या साथीचे कारण हा वेगळाच विषाणू होता, हे कळायला १९८० चे दशक उजाडावे लागले. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ साली आलेली मोठी साथही हेपॅटायटिस ई चीच होती.

तुरटी (प्रतिसाद)

डॉक्टरसाहेबांनी वेळेचा मुद्दा मांडला, मी जागेचा मांडतो. माझी तीस वर्षे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली आहेत. ताई, नमुना कोणी, कशात आणि कोठून घेतला, हे आधी विचारा. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलेले नमुने मी इतके पाहिले आहेत की ती बाटली पाहूनच अहवालावरचा विश्वास उडावा. जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते आणि तिच्यात थोडे सोडियम थायोसल्फेट असते. ते नसेल, तर पाण्यातील क्लोरिन वाटेतही जिवाणू मारत राहते आणि नळाशी दूषित असलेले पाणी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत निर्दोष ठरते. शिवाय १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (मैला मिसळल्याची खूण मानला जाणारा जिवाणू) नाही म्हणजे विषाणू नाहीत, असे होत नाही.

रुग्ण दोन विंगमधील आहेत, हे आपण सांगितलेत ते बरे झाले. गच्चीवरच्या टाक्या वेगळ्या असल्यामुळे संशय त्यांच्याआधीच्या सामाईक भागावर जातो, म्हणजे मुख्य वाहिनी किंवा जमिनीखालची टाकी. एक दिवसाआड पाणी सोडण्याच्या पद्धतीत वाहिनी बराच काळ रिकामी असते. पुरवठा बंद झाला की तिच्यात दाब उरत नाही, आणि जोडाला गळती असेल तर भोवतीच्या ओल्या मातीतले, प्रसंगी ड्रेनेजचे पाणी आत ओढले जाते. म्हणूनच पाणी आल्यावरची पहिली काही मिनिटे नेहमी सर्वांत वाईट असतात. जमिनीखालच्या टाकीला तडा असेल तर तेथेही हेच घडते: टाकी भरलेली असताना पाणी बाहेर झिरपते, पातळी उतरली की बाहेरचे आत येते.

हे शोधण्यासाठी क्लोरोस्कोप (पाण्यातील क्लोरिन रंगावरून मोजण्याचे साधे उपकरण) आणि त्यात घालायचे ओ.टी. म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे द्रावण मिळवा. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक रोज हीच चाचणी करतात. क्लोरिन असेल तर पाण्याला पिवळी छटा येते. (तपासलेले पाणी फेकून द्यावे, ते द्रावण विषारी आहे. गुलाबी रंग देणारा डीपीडी संच मिळाला तर अधिक चांगला.) भारतीय मानकानुसार नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरिन असावे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. चाचणी तीन ठिकाणी करा: सोसायटीत पाणी शिरते तेथे, जमिनीखालच्या टाकीत आणि वरच्या मजल्यावरील एका घरात. प्रवेशाशी रंग येत असेल आणि टाकीत अजिबात येत नसेल, तर दोष सोसायटीच्या आवारात असण्याची शक्यता मोठी आहे. क्लोरिन साठवणुकीत आपोआपही कमी होते, म्हणून टाकी भरल्यावर तासाभरात मोजा.

तिसरा मजला (प्रतिसाद)

एवढे करण्यापेक्षा प्रत्येकाने घरी आरओ बसवावा, हे सोपे नाही का? आमच्याकडे सर्वांकडे आहे आणि टीडीएस ४० च्या वर जात नाही.

तुरटी (प्रतिसाद)

टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. गटाराचे पाणी मिसळलेल्या पाण्याचाही टीडीएस ३०० असू शकतो आणि उत्तम विहिरीचा ९००. त्या आकड्यावरून रोगजंतूंबद्दल काहीही कळत नाही. आरओ व्यवस्थित असेल तर विषाणूही अडतात, हे मान्य आहे. पण त्यातील कार्बनचा फिल्टर क्लोरिन काढून टाकतो, त्यामुळे यंत्राच्या टाकीत साठलेल्या पाण्याला पुढे कसलेच संरक्षण उरत नाही आणि ती टाकी क्वचितच कोणी धुते. शिवाय आंघोळीला, भांड्यांना आणि मुलांच्या चूळ भरण्याला पाणी नळाचेच असते.

खडकवासला लोकल (प्रतिसाद)

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गुलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले, तेव्हा आमचीही अशीच दिशाभूल झाली. पायाला मुंग्या येऊन लुळेपणा वर चढत जाणारा तो आजार पाहून त्याचा पाण्याशी काही संबंध असेल, असे सुरुवातीला कोणाच्या मनातही आले नाही. एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू आढळले. कॅम्पायलोबॅक्टर अर्धवट शिजलेल्या कोंबडीतूनही पसरतो, त्यामुळे सगळा दोष पाण्यावर टाकणे घाईचे ठरेल. मात्र अनेकांना एक-दोन आठवडे आधी जुलाब होऊन गेले होते आणि ते कोणीच लिहून ठेवले नव्हते. आता आमच्या सोसायटीत जुलाबाचा प्रत्येक रुग्ण तारखेसह एका वहीत नोंदवला जातो. दोन घरांत एकाच आठवड्यात जुलाब झाले, की आम्ही पाणी उकळायला लागतो.

माजघर (प्रश्नकर्तीचा प्रतिसाद)

सर्वांचे आभार. तिघांपैकी दोघांचे हेपॅटायटिस ई चे अहवाल सकारात्मक आले, तिसऱ्याचा यायचा आहे. जाऊबाई सध्या ठीक आहेत आणि त्यांना आम्ही माहेरी पाठवले आहे.

चाचणी काल केली. प्रवेशाशी स्पष्ट पिवळा रंग आला, भरलेल्या टाकीत काहीच नाही. टाकी रिकामी केल्यावर कोपऱ्यात ओघळाचा डाग आणि तडा दिसला. त्या भिंतीपलीकडे चार फुटांवर ड्रेनेजचे चेंबर आहे, आणि ते पावसात तुंबते हे आमचे वॉचमनकाका गेली दोन वर्षे सांगत होते. समितीने अहवाल फलकावरून काढला आहे. टाकीत टीसीएल पावडर (क्लोरिनची ब्लीचिंग पावडर) किती घालावी, एवढे कृपया सांगावे.

तुरटी (प्रतिसाद)

पावडर दुरुस्तीनंतर. आधी चेंबर मोकळे करून त्याची गळती थांबवा, मग तडा बुजवा, टाकी घासून धुवा आणि ते पाणी सोडून द्या. नंतर दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम ताजी पावडर बादलीत कालवावी, निवळी वरून ओतावी, खालचा चुना टाकून द्यावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा रंग पाहावा. तो पुरेसा आला नाही तर मात्रा वाढवावी. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असते, पण उघड्या पोत्यात ते झपाट्याने उडते, म्हणून गेल्या वर्षीचे पोते वापरू नका. गच्चीवरच्या टाक्याही याच वेळी धुवा. आणि जुलैच्या अखेरपर्यंत ज्यांनी ते पाणी प्यायले, त्यांच्यात ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत नवे रुग्ण निघू शकतात, हे समितीला आत्ताच लेखी सांगून ठेवा.