१ जीबी रॅमचे शाळकरी लॅपटॉप आणि भूमिती: नववी-दहावीसाठी काय चालेल?

पेठची_गणितबाई

नमस्कार. मी पेठ तालुक्यातल्या (जि. नाशिक) एका आश्रमशाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. शहरातल्या एका शाळेत वापरून झालेले १४ छोटे लॅपटॉप आमच्याकडे आले आहेत. मुलांसाठीच बनवलेले आहेत: जाड कडा, धरायला मूठ, बाकावरून पडले तरी फुटत नाहीत. ॲटम एन४५५ प्रोसेसर, १ जीबी रॅम, १०.१ इंची पडदा (१०२४ बाय ६००), विंडोज ७. सगळे एकाच मॉडेलचे.

मला त्यांवर जिओजेब्रा (बिंदू ओढला की आकृती त्याबरोबर बदलते असं भूमितीचं सॉफ्टवेअर) किंवा तसंच काहीतरी हवं आहे. का, ते सांगते.

मी फळ्यावर त्रिकोण काढते तेव्हा पाया आडवा असतो आणि तिन्ही कोन लघुकोन असतात. हात तसाच वळतो, पुस्तकातही बहुतेक तसेच त्रिकोण असतात. मुलं वहीत तेच उतरवतात. मग विशालकोन त्रिकोण देऊन शिरोलंब काढायला सांगितला की तो बाजूच्या बाहेर, वाढवलेल्या रेषेवर पडतो. मुलांना वाटतं आपलं चुकलं. चांगली हुशार मुलं ते बरोबर उत्तर खोडतात आणि शिरोलंब जबरदस्तीने आत आणून बसवतात. हे मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी वाईट वाटतं. एकच त्रिकोण, त्याचा एक शिरोबिंदू हाताने ओढत नेला आणि शिरोलंबसंपात (तिन्ही शिरोलंब मिळतात तो बिंदू) आतून निघून काटकोनाच्या वेळी थेट शिरोबिंदूवर बसला, पुढे बाहेर पडला, हे एकदा स्वतः केलं तर कुणी खोडणार नाही.

आतापर्यंतचं असं: जिओजेब्राची वेबसाइट बहुतेक लॅपटॉपवर उघडतच नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. एकावर क्लासिक ६ ही आवृत्ती टाकली. उघडायला खूप वेळ लागतो, आणि उघडल्यावर बिंदू ओढला की आकृती थांबून थांबून मागून येते. मुलगी बिंदू ओढते, काही झालं नाही असं समजून सोडते, मग आकृती एकदम उडी मारते. काय बदललं हे तिला दिसतच नाही. तिच्यासाठी ते एक चित्र काढून दुसरं लावण्यासारखंच झालं.

पैसे फारसे नाहीत. इंटरनेट म्हणजे माझा मोबाईल, तोही गच्चीवर. पण मुलं इथेच राहतात, त्यामुळे संध्याकाळचा अभ्यासाचा तास हाताशी आहे. विंडोज ठेवू की काढू? कोणतं सॉफ्टवेअर टाकू?

संगमनेरकर

मॅडम, एवढ्या जुन्या यंत्रांवर कष्ट घेण्यापेक्षा तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडा. आमच्याकडे मी तसंच करतो. ॲनिमेशन आधीच तयार ठेवतो, अख्खा वर्ग एकाच वेळी बघतो, तासही वेळेत संपतो. नाहीतर मोबाईलवरचं ॲप आहेच.

पेठची_गणितबाई

सर, प्रोजेक्टर आहे आणि तो मी वापरते. मोबाईल मुलांजवळ नसतात. प्रोजेक्टरवर बिंदू मी ओढते, आणि मला कुठे न्यायचा ते आधीच माहीत असतं. तो भलतीकडे ओढून आकृती बिघडते का ते बघायचं काम मुलांचं आहे. ते हातात आल्याशिवाय होत नाही.

जुनी_यंत्रं_इचलकरंजी

ताई, ही यंत्रं टाकाऊ नाहीत. मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे आणि याच जातीचे बरेच लॅपटॉप शाळांसाठी उभे केलेत. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं वेबसाइटचं. लॅपटॉपची तारीख बघा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल (सीआर२०३२) संपला की घड्याळ प्रत्येक वेळी जुन्या तारखेवर जातं. वेबसाइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला मुदत असते, यंत्राची तारीख त्या मुदतीबाहेर असली की ब्राउझर दार उघडत नाही. सेल बदला. एवढ्याने साइट उघडेल, पण पळणार नाही. शिवाय विंडोज ७ ला क्रोमचे अपडेट २०२३ पासून बंद आहेत.

दुसरं, आणि खरं, मागून येणाऱ्या आकृतीचं. क्लासिक ६ हे आतून वेबपान आहे. ते चालवायला सोबत अख्खा ब्राउझर येतो. १ जीबीतून विंडोजने आपला वाटा घेतला की त्या ब्राउझरला जागा उरत नाही, मग तो हार्डडिस्कवर उतरवाउतरव करत बसतो. भूमितीची आकडेमोड या प्रोसेसरला जड नाही. एक बिंदू हलला की त्यावर अवलंबून असलेले दहा-वीस बिंदू आणि रेषा पुन्हा काढायच्या, एवढंच काम असतं. जिओजेब्राच्याही आधी, १९९० च्या आसपास कॅब्री आणि स्केचपॅड या भूमितीच्या प्रोग्रॅमनी हेच काम याहून कितीतरी दुबळ्या यंत्रांवर केलं आहे. जड आहे ते भोवतीचं सामान.

म्हणून विंडोज काढा. डेबियन १२ (लिनक्सचा एक मोफत प्रकार) टाका, डेस्कटॉप एलएक्सक्यूटी हा हलका निवडा. एन४५५ हा ६४ बिटचा प्रोसेसर आहे, त्यामुळे ६४ बिटची प्रत चालते. (हे वाचणाऱ्या कुणाकडे एन२७० असेल तर तो ३२ बिटचाच आहे, आणि डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर मिळत नाही.) झेडरॅम चालू करा. त्याने मेमरीतला पडून असलेला भाग दाबून मेमरीतच ठेवला जातो, डिस्कवर जायची वेळ कमी येते. १ जीबीवर याचा फरक बोटाला जाणवतो. त्यानेही भागलं नाही तर अँटीएक्स हे लिनक्स वापरा, ते याहून हलकं आहे.

आता सॉफ्टवेअर. १ जीबीच्या यंत्रांवर किग टाका. केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या गटाचं आहे, मुक्त आहे, डेबियनच्या भांडारात मिळतं. किग आणि एलएक्सक्यूटी दोन्ही क्यूटीवर (खिडक्या-बटणं काढणाऱ्या तयार लायब्ररीवर) बांधलेले आहेत, त्यामुळे ते लायब्ररीचं ओझं डेस्कटॉप सुरू होतानाच मेमरीत आलेलं असतं, किगला नव्याने थोडंच लागतं. लंब, समांतर, दुभाजक, वर्तुळ, कोनाचं माप, बिंदुपथ, नववी-दहावीला लागणारं सगळं आहे. दिसायला साधं आहे. पण बिंदू बोटाबरोबर येतो, आणि तुम्हाला तेच हवंय.

जिओजेब्राच हवा असेल तर क्लासिक ५ घ्या. तो जावावर चालतो आणि अजून मिळतो. सुरू करताना त्रिमिती बंद ठेवायचा पर्याय आहे, तो वापरा, कारण या यंत्रांचं ग्राफिक्स त्रिमितीला पुरं पडत नाही. बीजगणिताची खिडकी, खालची आज्ञापट्टी बंद करा, ६०० ठिपके उंचीच्या पडद्यावर आकृतीला जागा मिळायला हवी. मग ‘सेटिंग्ज जतन करा’. एखादी खिडकी पडद्याखाली गेली आणि ‘ठीक’चं बटण दिसत नसेल तर ऑल्ट दाबून माउसने खिडकी वर ओढा. १ जीबीवर क्लासिक ५ रडतखडत चालतो, २ जीबीवर नीट चालतो. तुमच्या यंत्राला डीडीआर३ रॅम लागते आणि २ जीबी ही त्याची कमाल मर्यादा आहे. जुन्या लॅपटॉपमधून निघालेली रॅम दुरुस्तीवाल्यांच्या खोक्यात पडून असते, नाशिकला दोन-चार दुकानांत विचारा.

१४ वेळा हे करू नका. एक लॅपटॉप मनासारखा तयार करा आणि क्लोनझिलाने त्याची प्रत बाकीच्यांवर उतरवा. मॉडेल एकच असल्यामुळे अडचण येत नाही.

माउस मात्र घ्या. हे टचपॅड अरुंद आहेत, त्यावर बटण दाबून ओढणं मुलांना जमत नाही आणि दोष भूमितीवर येतो. माउस कमी पडले तर जिओजेब्रात बिंदू निवडून बाणांच्या कळांनी हलवता येतो. शिफ्ट धरलं की अगदी हळू सरकतो, कंट्रोल धरलं की मोठ्या पावलांनी.

कर्जतचा_वाचक

या चर्चेत एक जुनी आठवण जोडतो. आमच्या कर्जत तालुक्यात (रायगड) खैराट धनगरवाड्याच्या शाळेत २००७ मध्ये ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. भारतातला त्या प्रकल्पाचा तो पहिला प्रयोग. त्या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण होती. तुमचे लॅपटॉप त्यापुढे श्रीमंत आहेत.

त्या एक्सओवरही भूमिती चालायची. डॉ. जिओ नावाचा मुक्त प्रोग्रॅम त्यासाठी उपलब्ध होता, स्मॉलटॉक भाषेत लिहिलेला. तो वर्गात किती वापरला गेला हा वेगळा विषय. पण लॅपटॉप वाटले म्हणजे शिक्षण झालं, असं त्या काळी फार बोललं जायचं, आणि मला ते तेव्हाही पटत नव्हतं. तुम्ही उलट्या बाजूने आलात. आधी शिरोलंब कुठे अडतो ते सांगितलंत, मग यंत्र मागितलंत. म्हणून हे जमेल असं वाटतं.

एक सूचना. मुलांना आयती आकृती देऊ नका. आधी ‘चौरस काढा’ एवढंच म्हणा. बहुतेक जण चार बिंदू अंदाजाने ठेवून जोडतील. मग शेजारच्याला त्याचा एक कोपरा ओढायला सांगा. चौरस मोडेल. लंब आणि वर्तुळ वापरून रचलेला चौरस लहान-मोठा होईल, फिरेल, पण चौरसच राहील. रचना म्हणजे काय हे मुलांना तिथे कळतं.

पेठची_गणितबाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

सेल बदलले. सहा लॅपटॉपना २ जीबी रॅम मिळाली, त्यांवर जिओजेब्रा ५, बाकीच्यांवर किग. क्लोनझिलाचं काम आमच्या विज्ञानाच्या सरांनी मुलांना हाताशी घेऊन केलं. किग इतकं चपळ चालतं की मुलं आधी त्याच लॅपटॉपकडे जातात.

चौरसापासूनच सुरुवात केली. दुसऱ्याचा चौरस मोडायला मिळतो म्हटल्यावर वर्ग पेटलाच. न मोडणारा चौरस पहिल्यांदा केला तो एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलाने. मग सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि तो कोकणा बोलीत समजावत होता की वर्तुळ कशाला काढायचं, बाजू सारखी ठेवायला. मी मध्ये पडले नाही.

शिरोलंबाचं मला हवं होतं तसं झालं. शिरोबिंदू पायाच्या टोकापलीकडे गेला तसा शिरोलंब बाहेर पडला. एका मुलीने तो आत-बाहेर, आत-बाहेर नेला आणि नेमका कुठे बाहेर पडतो ते शोधत बसली. ‘बाई, कोन नव्वद झाला की बाजू आणि शिरोलंब एकच होतात.’ हे वाक्य मी तिला सांगितलेलं नव्हतं.

दहावीला वर्तुळावरचे अंतर्लिखित कोन घेतले. जीवेची दोन टोकं पक्की, तिसरा बिंदू कंसावर फिरवायचा. कोन बदलत नाही हे सगळ्यांनी पाहिलं. एकाने तो बिंदू फिरवत थेट दुसऱ्या कंसावर नेला आणि ७० चा कोन ११० झाला. चक्रीय चौकोनाचं प्रमेय मी पुढच्या आठवड्यात घेणार होते, ते तिथेच घ्यावं लागलं.

आता एक प्रश्न. जिओजेब्रात त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज काही वेळा १८०.०१ किंवा १७९.९९ येते. मुलं म्हणतात प्रमेय चुकलं. याला काय करावं?

कर्जतचा_वाचक

ते दाखवलेले आकडे दोन दशांश स्थळांवर थांबवलेले असतात. समजा खरे कोन ५०.३३४, ६०.३३३ आणि ६९.३३३ आहेत. बेरीज बरोबर १८०. पण पडद्यावर ५०.३३, ६०.३३ आणि ६९.३३ दिसतात, त्यांची बेरीज १७९.९९. पर्यायांमध्ये जास्त दशांश स्थळं निवडता येतात, तरी शेवटच्या स्थानावर हे कधीतरी होणारच. पूर्णांकावर मात्र आणू नका, मग १७९ आणि १८१ दिसायला लागतील.

मी असतो तर दशांश स्थळं बदलली नसती. ‘प्रमेय चुकलं’ म्हणणाऱ्या मुलालाच फळ्यापाशी बोलवा, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायला लावा, व्युत्क्रम कोन शोधू द्या. मोजून १८० येणं आणि १८० असायलाच हवं हे दाखवणं यात फरक काय, हे विचारायची याहून चांगली वेळ नाही.

पेठची_गणितबाई

हे उद्याच करते. माझ्या किगच्या फाइल्स (शिरोलंब, मध्यगा, परिवर्तुळ, अंतर्लिखित कोन) इथे जोडते आहे, कुणाला हव्या असतील तर घ्या. स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयाची फाइल करायला घेतली आहे, पण वर्तुळाबाहेरचा बिंदू ओढून आत आणला की माझी स्पर्शिका नाहीशी होते. मुलं तिथे ओढणारच, म्हणून ती तशीच ठेवते आहे. कुणी याच धड्यावर आणखी काही केलं असेल तर कृपया पाठवा.