विकेंद्रित समाजमाध्यमांवर मराठी बातमीदारीचा खर्च कसा भागवावा?

कोथरूडचा बातमीदार: आम्ही तिघे मिळून पुण्याचा पाणीपुरवठा आणि मुठेकाठची बांधकामे यांवर एक मराठी बातमीस्थळ चालवतो. एका मोठ्या समाजमाध्यमावर आमचे दुवे दिसेनासे झाल्यापासून वाचक घटले आणि त्यांच्यापाठोपाठ जाहिरातीही गेल्या. मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय या विकेंद्रित, म्हणजे एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर अवलंबून नसलेल्या, समाजमाध्यमांवर जाण्याचा आमचा विचार आहे. परंतु मॅस्टोडॉनवर जाहिरातींची सोयच नाही. मग माहिती अधिकाराचे अर्ज, प्रवास आणि वार्ताहराचे मानधन हा खर्च कसा निघावा?

नारायण पेठेतील वाचक: ते माध्यम पैसे देईल ही अपेक्षा आधी सोडावी. तेथून वाचक मिळतो आणि पैसे तो वाचक थेट आपल्याला देतो. २०१८ साली वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीपबमुळे (मॅस्टोडॉनसारख्या माध्यमांना आपसात जोडणारा नियमसंच) आपले संकेतस्थळ स्वतःच एक खाते बनू शकते. संकेतस्थळ चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीसाठी त्याचे प्लगिन (जोडसाधन) मोफत मिळते आणि घोस्ट या तशाच प्रणालीमध्येही ही सोय आहे. अनुयायांची यादी आपल्या सर्व्हरवर राहते, म्हणून उद्या कोणी ती काढून घेऊ शकत नाही.

खरा कठीण निर्णय वेगळाच आहे. बातमीचा पूर्ण मजकूर तेथे पाठवला, तर वाचक तो तिथेच वाचतो आणि वर्गणीच्या पानापर्यंत पोहोचतच नाही. केवळ सारांश पाठवला, तर पुष्कळ जण पुढे जात नाहीत. गुरुवारी पाणी बंद राहणार असल्याची बातमी पूर्ण आणि मोफत द्यावी, कारण ती प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे. महिनाभर कागदपत्रे तपासून लिहिलेल्या वृत्तांताचा मात्र सारांश द्यावा आणि त्याखाली त्या कामाला किती खर्च आला, ते आकड्यांत सांगावे. असा हिशोब समोर आला की वर्गणी मागताना संकोच राहत नाही.

सिंहगड रस्त्यावरून: वर्गणी यूपीआय ऑटोपेने घ्यावी, वाचकाने एकदा मंजुरी दिली की दरमहा आठवण करावी लागत नाही. दरमहा १०० रुपये देणारे ३०० वाचक मिळाले, तरी ३०,००० रुपये होतात आणि एका वार्ताहराचे मानधन त्यातून भागू शकते.

एक लेखापाल: एक सावधगिरी अवश्य बाळगावी. या माध्यमांवर परदेशस्थ मराठी वाचकही भेटतील. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी विदेशी योगदान ठरते, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दृक्‌श्राव्य बातम्या देणाऱ्या कंपन्यांना व संस्थांना २०१० च्या विदेशी योगदान (विनियमन) कायद्याने ते घेण्यास मनाई केली आहे. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम त्यात येत नाही. सेवेच्या मोबदल्यात व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात घेतलेले शुल्कही वेगळे मानले जाते. म्हणून ‘देणगी’ आणि ‘वर्गणी’ हे शब्द पावतीवर विचारपूर्वक लिहावेत आणि पहिली पावती फाडण्यापूर्वी आपल्या सनदी लेखापालाला सर्व कागद दाखवावेत.

कोथरूडचा बातमीदार: मनापासून आभार. पाणीपुरवठ्याच्या पुढील वृत्तांताखाली आम्ही खर्चाचा तक्ता देणार आहोत. परदेशातील वाचकांचे पैसे मात्र सल्ला मिळेपर्यंत घेणार नाही.