‘मेथडॉलॉजी’ला मराठीत काय म्हणावं: प्रणाली, पद्धत की रीत?

मूळ प्रश्न (रत्नागिरी)

आमच्याकडच्या आंबा बागायतदारांच्या एका संस्थेसाठी मी मराठीत टिपण लिहिते आहे. पेट्यांची नोंद, गिऱ्हाइकांची मागणी आणि पैशांचा हिशेब एका जागी आणणारं सॉफ्टवेअर करून घ्यायचं आहे. ते कोणत्या ‘डेव्हलपमेंट मेथडॉलॉजी’ने करायचं, हे समितीने ठरवायचं. पहिल्या मसुद्यात मथळा होता ‘विकास प्रणालीची निवड’. त्यावर सभेत दीड तास गेला, तोही बाजारातलं कुठलं तयार सॉफ्टवेअर घ्यायचं या चर्चेत! सभासदांची चूक नव्हती. संगणक प्रणाली म्हणजे सॉफ्टवेअर हे त्यांना ठाऊक आहे, मग विकास प्रणाली म्हणजे आणखी एखादं सॉफ्टवेअरच वाटणार. शिवाय गावात ‘विकास’ म्हटलं की ग्रामपंचायतीचा आराखडा, रस्ता नि गटार आठवतं.

मोहोर राखणाऱ्या माणसाला वाचल्यावाचल्या कळेल आणि संगणकवाल्यालाही खटकणार नाही, असा शब्द हवा आहे.

चिपळूण

ताई, इथे ‘प्रणाली’ नकोच. संस्कृतात प्रणाली म्हणजे पाणी वाहून नेणारा मार्ग. आपली ‘पन्हळ’ त्याच घरातली. पोफळीचं खोड उभं चिरून पागोळ्यांखाली लावतात ना, तीच. ‘सिस्टिम’साठी प्रणाली रुळली आहे आणि शोभतेही: एकीकडून काही आत शिरतं, ठरल्या मार्गाने दुसरीकडे बाहेर पडतं. पण पन्हळ कशी बसवायची हा प्रश्न वेगळा, आणि तुमचा प्रश्न तो आहे.

‘पद्धती’ शब्द मला फार प्रिय आहे, म्हणून थोडं लांबवतो. पाद अधिक हति: पाय पडून पडून मळलेली वाट. ‘पाद’चा ‘पद्’ कसा होतो, हे पाणिनीने ‘हिमकाषिहतिषु च’ (६.३.५४) या सूत्रात सांगितलं आहे. आणि ‘मेथड’च्या ग्रीक मुळात ‘होदोस’ आहे, त्याचाही अर्थ रस्ता! एकमेकांना न विचारता दोन भाषांनी हीच कल्पना उचलली. यापेक्षा नेमका प्रतिशब्द मिळणं कठीण.

‘पद्धतिशास्त्र’ हा शब्द पीएच.डी.च्या प्रबंधात योग्य, कारण तिथे पद्धतींचाच अभ्यास असतो. तुमची समिती शास्त्र निवडत नाही, पद्धत निवडते. इंग्रजीतही या व्यवसायातले लोक ‘मेथडॉलॉजी’ बहुतेक वेळा ‘मेथड’च्याच अर्थाने वापरतात. ती शेपटी मराठीत ओढून आणायची गरज नाही.

कुडाळ

मी हेच काम करतो. आधी पुण्यात होतो, आता घरून. आमच्या तोंडी ‘वॉटरफॉल’ आणि ‘अजाईल’ हेच शब्द असतात. टिपणात ते तसेच ठेवावेत, पण पहिल्या उल्लेखाला मराठीत उलगडून सांगावेत.

‘वॉटरफॉल’ला ‘धबधबा पद्धत’ म्हणायला हरकत नाही. चित्र अगदी बरोबर उतरतं. परशुराम घाटाजवळचा सवतसडा पाहिलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही, खाली पडलेलं पाणी वर चढत नाही. आधी सगळ्या गरजा लिहा, मग आराखडा, मग प्रोग्रॅम, मग चाचणी, मग वापर. पण या शब्दामागची एक गोष्ट लोकांना माहीत नसते. संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या लेखात हे उतरत्या पायऱ्यांचं चित्र काढलं, आणि असं सरळ एका दिशेने जाणं धोक्याचं आहे असं त्याच लेखात लिहून ठेवलं. ‘वॉटरफॉल’ हा शब्द त्या लेखात नाही. तो १९७६ मध्ये बेल आणि थेयर यांच्या लेखात आला. म्हणजे सावध करण्यासाठी काढलेलं चित्र पुढे नियम म्हणून भिंतीवर लागलं.

‘अजाईल’साठी ‘चपळ’ वापरतात. मला तो अर्धवट वाटतो. चपळ म्हटलं की लोकांना वेग ऐकू येतो, आणि ‘अजाईल म्हणजे स्वस्तात नि लवकर’ अशी समजूत होते. मुद्दा वळण्याचा आहे: थोडं करायचं, वापरून पाहायचं, लागेल तसं बदलायचं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला, त्यात बदलाला प्रतिसाद देणं हे आखलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा मोलाचं मानलं आहे. त्याआधी या पद्धतींना ‘लाइटवेट’ म्हणत, पण हलकं म्हणवून घेणं त्यांच्यातल्या काहींना आवडत नव्हतं. ‘हलक्या पद्धती’ असं मराठीत म्हणून पाहा, त्यांचं म्हणणं लगेच पटेल. मी ‘लवचीक पद्धत’ म्हणेन.

एक सांगतो, धबधब्याला सरसकट वाईट ठरवू नका. सातबाऱ्यासारखं काम असेल, जिथे नमुना ७ आणि नमुना १२ मध्ये काय यायचं ते नियमानेच ठरलेलं आहे, तिथे आधी सगळं लिहून घेणंच शहाणपणाचं. गरज ठरलेली की धबधबा, गरज वापरातून कळणार असेल तर लवचीक. पहिला प्रश्न हाच विचारा.

हर्णै

तुमच्या टिपणात ‘डिजिटल व्यासपीठ’ आहे का? असेल तर काढा. व्यासपीठावरून एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. तुम्हाला हवी आहे ती विकणारा नि घेणारा समोरासमोर येण्याची जागा. आमच्याकडे होड्या लागल्या की किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो, ते खरं प्लॅटफॉर्मचं चित्र. किनारा कुणाची मासळी विकत नाही, फक्त सगळ्यांना तिथे येता येतं. ‘धक्का’ म्हणा असं सुचवणार होतो, पण ‘डिजिटल धक्का’ वाचून लोक दचकतील. ‘प्लॅटफॉर्म’च ठेवा.

मूळ प्रश्न विचारणारी (रत्नागिरी)

चिपळूणचे सर, ‘मळलेली वाट’ मी समितीला वाचून दाखवली. ‘पद्धत’ नक्की झाला. ‘विकास’ही काढून टाकला. आता मथळा आहे ‘सॉफ्टवेअर घडवण्याची पद्धत’.

कुडाळच्या दादांचा पहिला प्रश्न आमच्या वर्मावर बसला. मागच्या खेपेला ज्यांना काम दिलं होतं, त्यांनी मे महिन्यात सगळ्या गरजा लिहून घेतल्या, आमच्या सह्या घेतल्या आणि पुढच्या एप्रिलात सॉफ्टवेअर हातात दिलं. त्यात पेटी पाच डझनांचीच होती, कारण आम्हीच तसं सांगितलं होतं. त्या हंगामात गिऱ्हाइकं दोन डझनांची खोकी मागत होती. बदल करायला दोन महिने लागतील म्हणाले. दोन महिन्यांनी पाऊस! सगळा हंगाम वहीवर काढला. ते लोक अप्रामाणिक नव्हते, पद्धत चुकीची निवडली गेली होती, आणि निवड करायची असते हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून या शब्दांसाठी माझा इतका जीव तुटतो.

लिहिताना सहज ‘मागच्या खेपेला’ लिहून गेले आणि तिथेच थांबले. अजाईलमध्ये काम थोडं थोडं करून दाखवतात, त्यातल्या एका फेरीला ‘इटरेशन’ म्हणतात. त्यासाठी कोशातला ‘पुनरावृत्ती’ मला कधीच पटला नाही, त्यात तेच तेच पुन्हा करण्याचा वास येतो. ‘फेरी’ बरा, पण फेरी रिकाम्या हाताने मारली तरी फेरीच. ‘खेप’ मात्र काहीतरी घेऊन येण्यासाठीच असते. म्हणून तर काम झालं नाही की ‘खेप फुकट गेली’ म्हणतो. दर दोन-तीन आठवड्यांनी वापरता येईल असं काहीतरी हातात पडलं पाहिजे, ही अट त्या शब्दातच आहे.

कुडाळ

खेप! घेतला. उद्यापासून मीही वापरणार. आणि ‘बॅकलॉग’ला ‘अनुशेष’ करू नका. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून महाराष्ट्रात अनुशेष म्हणजे कुणावर तरी झालेला अन्याय. इथे ती नुसती करायच्या कामांची यादी असते, गरजेप्रमाणे वरखाली होणारी.

मूळ प्रश्न विचारणारी (रत्नागिरी)

समितीकडे जाणारा परिच्छेद असा झाला आहे:

‘सॉफ्टवेअर घडवण्याची पद्धत: बागायतदारांच्या नोंदी व हिशेब यांचे नियम ठरलेले असल्याने तो भाग आधी पूर्ण लिहून घेऊन धबधबा पद्धतीने करावा. विक्रीचा प्लॅटफॉर्म लवचीक पद्धतीने, तीन-तीन आठवड्यांच्या खेपांनी करावा. प्रत्येक खेपेअखेर किमान पाच बागायतदारांनी तो स्वतःच्या मोबाइलवर वापरून पाहावा व कामांच्या यादीचा क्रम पुन्हा लावावा. पहिली खेप मोहोर येण्याआधी हाती यावी.’

‘खेपेअखेर’ वाचताना अडखळायला होतं का, तेवढं कुणीतरी सांगा. नाहीतर ‘खेप संपताना’ करते.