मदत हवी आहे: कोथरूडचा जुना फ्लॅट की पुनावळ्याचा नवा?

औदुंबर: पुण्यात दोन टूबीएचके पाहून ठेवले आहेत. कोथरूडचा रिसेल: २२ वर्षांची इमारत, लिफ्ट आहे, ६४० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापराची जागा), ८२ लाख. पुनावळ्याचा: ७१० कार्पेट, ७६ लाख, ताबा तीन वर्षांनी. सध्या भाडं २४ हजार, हाताशी २६ लाख. एकाचं ऑफिस डेक्कनला, दुसऱ्याचं हिंजवडीला. सोबत सासूबाई, गुडघेदुखी आहे. नवा सहा लाखांनी स्वस्त, म्हणून तिकडे कल आहे. काय चुकतंय का?

जिना_नंबर_दोन: तुम्ही बोर्डावरच्या किमती ताडून पाहताय, तिथेच गफलत आहे. पुनावळे: ७६ वर ५ टक्के जीएसटी ३.८ लाख, मुद्रांक शुल्क ७ टक्के ५.३२, नोंदणी ३० हजार. झाले ८५.४ लाख. कोथरूड: जीएसटी नाही, मुद्रांक ५.७४, नोंदणी ३० हजार, दलाली एक टक्का धरा, सोसायटीची हस्तांतरण फी जास्तीत जास्त २५ हजार. ८९.१ लाख. फरक पावणेचार लाखांचा उरला. तीन वर्षांचं भाडं ८.६४ लाख, म्हणजे नवाच महाग. ताबा लांबला तर आणखी.

पण कोथरूडची खरी अडचण रोख रकमेची आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, मुद्रांक त्यात धरत नाही. म्हणजे साडेतेवीस लाख तुमचेच. उरलेल्या अडीच लाखांत जुनं वायरिंग आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग बसणं अवघड. त्यातून जुन्या इमारतीचं बँकेचं मूल्यांकन ७६ च आलं, तर कर्ज ४.८ लाखांनी घटतं. टोकनच्या पावतीवर 'बँकेचं मूल्यांकन कमी आल्यास टोकन परत' हे लिहून घ्याच. इमारतीचं उरलेलं आयुष्य पाहून बँक कर्जाची मुदतही कमी करू शकते, हे आधी विचारा.

पाणीपट्टी: टाइल्स, ओटा, रंग पुढे कधीही बदलता येतात. पाणी, उजेड, ऑफिसचं अंतर आणि कागद बदलत नाहीत, यादी त्या क्रमाने लावा. दोन्हीकडे एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं मागा. पुनावळ्यात शेजारच्या सोसायटीत विचारा. कोथरूडला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेची परवानगी), मूळ करारांची अखंड साखळी, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करणं) झालंय का, एवढं वकिलाकडून तपासा. कन्व्हेयन्स नसेल तर जमीन सोसायटीच्या नावावर नाही, पुनर्विकासाच्या वेळी तेच आडवं येतं. वरच्या फ्लॅटचं बाथरूम कुठे येतं ते पाहा आणि त्याखालच्या छतावर ओल शोधा. ताजा रंग दिसला तर जास्तच बारकाईने.

पुनावळ्यासाठी महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) साइटवर ताबा-तारीख किती वेळा वाढवली ते बघा. नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डर मागूच शकत नाही.

औदुंबर: फक्त पत्नीच्या नावावर घेतला तर?

जिना_नंबर_दोन: मुद्रांकात एक टक्का सूट, कोथरूडच्या व्यवहारात ८२ हजार वाचतील. खरेदीदार फक्त महिलाच हव्यात. तुमचं नाव करारात आलं की सूट गेली. कर्जात सहकर्जदार म्हणून राहू शकता. आणि किंमत ५० लाखांच्या वर असल्याने विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावे आगाऊ कापायचा प्राप्तिकर) कापून सरकारकडे भरायला विसरू नका. माझ्या मते कोथरूड, पण ७८ च्या आसपास उतरलं तरच.