पेपर हातात आला की सगळं विसरते – मुलीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

माझी मुलगी १७ वर्षांची आहे. वार्षिक परीक्षेला सात आठवडे उरलेत. मुलगी अभ्यासू आहे, टाळाटाळ करणारी अजिबात नाही. पण गेल्या चाचणीत पेपर हातात आल्यावर पहिली १०-१५ मिनिटं तिला अक्षरं दिसत होती, अर्थच लागत नव्हता. हात गार पडलेले, पोटात गोळा. घरी येऊन त्याच प्रश्नांची उत्तरं तिने मला घडाघडा सांगितली आणि मग उशीत तोंड खुपसून रडली. तिच्याजवळ नुसती बसून राहिले, काय बोलावं ते सुचेना.

अभ्यास कसा करते, तेही सांगते. एकेक धडा चार-चार वेळा वाचते, महत्त्वाच्या ओळी हायलायटरने रंगवते, रात्री साडेबारापर्यंत जागते. काही विचारलं तर "येतं गं आई मला" म्हणते. मी "घाबरू नकोस" म्हटलं की जास्तच चिडते.

आधी भीतीचं बघू की अभ्यासाच्या पद्धतीचं? आणि मी नेमकं काय बोलायचं थांबवू?

प्रतिसाद १

ताई, शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यावरून सांगतो. तुमच्या लिहिण्यातलं "येतं गं आई" वाचून थबकलो. चार वेळा वाचलेला धडा ओळखीचा होतो आणि आपल्याला वाटतं, पाठ झाला. पण पेपरात पुस्तक मिटलेलं असतं. तिथे ओळख कामाची नाही, आठवावं लागतं. आणि आठवण्याचा सराव तिने केलेलाच नाही.

रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर याचे प्रयोग केले. काहींनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहिलं. ५ मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहिणारे बरेच पुढे गेले. गंमत अशी, की आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती!

तेव्हा धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून सुटलेलं वेगळ्या पेनने भरायचं. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा कागदावर. सुरुवातीला कागद अर्धा रिकामा राहील, तिला वाईट वाटेल. तेव्हा तिला सांभाळा, पण पद्धत सोडू देऊ नका. आणि आठवड्यातून एकदा घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, परीक्षेच्याच वेळेला पूर्ण पेपर सोडवायला बसवा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातलं जवळजवळ सगळं पटलं, फक्त लगेच पूर्ण पेपर नको. मी स्वतः यातून गेले आहे. घाबरलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात तीन तास बसवलं तर तिला त्या टेबलाचीच धास्ती बसेल. अर्ध्या तासाचे दोन प्रश्न, मग एक तास, मग पूर्ण पेपर, असं वाढवत न्या.

छाती धडधडणं, हात गार पडणं हे शरीर स्वतःहून करतं. ते "घाबरू नकोस" म्हणून थांबत नाही. उलट, आपण घाबरलोय याचीच वेगळी काळजी सुरू होते. मला श्वासाने मदत झाली: चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. मात्र हे रोज अभ्यासाला बसताना करायला हवं. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून काही उपयोग नाही. पेपर मिळाला की तो आधी नजरेखालून घालायचा आणि हमखास येणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करायची. चार ओळी लिहून झाल्या की बाकीचं सुचायला लागतं.

आणखी एक. रामिरेझ आणि बायलॉक यांचा २०११ सालचा अभ्यास आहे. परीक्षेआधी १० मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवणाऱ्या, एरवी फार घाबरणाऱ्या मुलांना त्याचा फायदा झाला. प्रत्येकाला लागू पडेल असं नाही, पण घरच्या सरावात करून बघायला हरकत नाही.

आणि ते जागरण आधी थांबवा. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते.

प्रतिसाद ३

झोप उडाली, जेवण सुटलं, किंवा शाळेचं नाव काढलं तरी दम कोंडल्यासारखा होत असेल, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका. समुपदेशकाला भेटा.

धागाकर्ती (१२ दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. झोप आणि जेवण ठीक आहे, पण लक्ष ठेवून आहे.

पहिल्या दिवशी कागदावर जेमतेम सहा ओळी आल्या. "म्हणजे मला काहीच येत नाही" म्हणून पुन्हा रडारड. मी म्हटलं, हे आज घरात कळलं, पेपरात नाही. चौथ्या दिवशी तोच धडा दीड पान झाला. तिने तो कागद स्वतःहून मला आणून दाखवला. मी "किती झालं?" विचारणं बंद केलंय. आता "आज काय आठवलं?" विचारते आणि ऐकत बसते. दिवा अकराला बंद होतो, त्यावरून रोज वाद आहेतच.

एक अडलंय. गणितात हे कोऱ्या कागदाचं कसं करायचं?

प्रतिसाद १

सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः सोडवायचं, हाच कोरा कागद. फक्त एकाच प्रकारची १० गणितं ओळीने नकोत. तीन-चार धड्यांतली मिसळून द्या, कारण कुठलं सूत्र वापरायचं ते पेपरात कुणी सांगत नाही. आणि अडली तर लगेच उत्तर बघू देऊ नका, पाच मिनिटं तिला झटू द्या.