सडन लोडला स्ट्रेस डबल का होतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधला एक मुद्दा अडलाय, फॉर्म्युला पाठ आहे, गणितं सुटतात, पण आत नक्की काय घडतं ते कळल्याशिवाय पुढचं वाचावंसं वाटत नाही.

समजा २० मिमी व्यासाचा, २ मीटर लांब एमएसचा (माइल्ड स्टीलचा) रॉड, वरून फिक्स, खालच्या टोकाला कॉलर (वजन टेकायची कडा). त्यावर १० किलोन्यूटन, म्हणजे साधारण एक टन वजन. हळूहळू लोड दिला तर स्ट्रेस (दर चौरस मिमीवरचं बल) ३१.८ एमपीए येतो, रॉड ०.३२ मिमी ताणला जातो (ई, म्हणजे मटेरियलचा ताठपणा, २०० जीपीए धरलाय). तेच वजन कॉलरला नुसतं टेकवून एकदम सोडलं की स्ट्रेस ६३.७. उंची शून्य, वजन तेच, रॉड तोच, मग हा जादाचा स्ट्रेस आला कुठून?

हळूहळू दिला तर काम पी डेल्टा भागिले दोन आणि एकदम दिला तर पूर्ण पी डेल्टा (पी म्हणजे लोड, डेल्टा म्हणजे रॉडचं लांबणं), हे माहितीये. पण ३१.८ लाच रॉडची ओढ वजनाएवढी होते ना, मग वजन तिथेच का थांबत नाही? आणि नंतर ते शांत लटकत असताना स्ट्रेस किती असतो? कुणीतरी नीट समजावा प्लीज.

प्रतिसाद १
थांबत नाही कारण तिथे पोचेपर्यंत वजनाला वेग आलेला असतो. सोडलं त्या क्षणी रॉड ताणलेलाच नाही, म्हणजे तो वर ओढतच नाही, सगळे १० किलोन्यूटन खाली खेचतायत. ०.३२ मिमीला बॅलन्स होतो खरा, पण वेग सगळ्यात जास्त तिथेच असतो, म्हणून वजन पुढे जातं, मग रॉडची ओढ वजनापेक्षा वाढते आणि ०.६४ मिमीला ते क्षणभर थांबतं. ६३.७ तिथला. मग परत वर, परत खाली, आणि हलणं विरत गेलं की शेवटी ३१.८ वरच स्थिर. ग्रॅज्युअलमध्ये क्रेनने वजन धरलेलं असतं आणि ती हळूहळू सोडत जाते, त्यामुळे वेग येतच नाही.

आता याच रॉडवर तेच वजन फक्त १ मिमीवरून पाडून बघ, स्ट्रेस ११८ येतो. १० मिमीवरून फॉर्म्युला २८६ दाखवतो, म्हणजे एमएसच्या २५० च्या यील्डच्या (ज्या स्ट्रेसनंतर रॉड मूळ लांबीला परत येत नाही) वर, तिथे तो फॉर्म्युला लागूच होत नाही, रॉड कायमचा लांबतो. क्रेनची चेन ढिली असताना झटक्याने उचलू नका म्हणून बजावतात ते याचसाठी, ते मनावर घेच.

धागाकर्ता
वेगाचं कळलं, खूप आभार! एकच अजून, पाडण्याच्या फॉर्म्युल्यात लांबी येते आणि सडनमध्ये येत नाही, असं का?

प्रतिसाद १
पाडताना उंचीमुळे जी जादा एनर्जी येते ती ठरलेली असते, रॉड लांब असेल तर ती जास्त मटेरियलमध्ये वाटली जाते, म्हणून स्ट्रेस कमी. सडनमध्ये उंचीच नाही, रॉड दुप्पट लांब घेतलास तर लांबणं दुप्पट होऊन कामही दुप्पट आणि मटेरियलही दुप्पट, म्हणून लांबी कटते. पाडण्याच्या फॉर्म्युल्यात एच (उंची) शून्य टाकून बघ, स्ट्रेस २पी भागिले ए (रॉडच्या छेदाचं क्षेत्रफळ) येईल.